वजन, उंची, टाळू आणि ‘अजून बसत नाही’ : बालविभागातल्या नर्सेससाठी धागा

मोजपट्टी

बालविभागात नव्याने रुजू झालेल्यांचे प्रश्न चार धाग्यांवर विखुरलेत, म्हणून हा वेगळा काढतेय. माइलस्टोनचा (बसणं, चालणं, बोलणं अशा टप्प्यांचा) तक्ता बहुतेकींचा पाठ असतो. घोळ होतो तो दुसरीकडेच. आकडा घाईत घेतला जातो, आणि घेतलेला आकडा मागच्या आकड्यांशेजारी ठेवून कोणी बघत नाही. म्हणून या धाग्यात आधी मोजमाप, टप्पे नंतर.

वजन: दोन वर्षांखालचं मूल उघडंच तोलायचं, डायपरसुद्धा काढून. भिजलेला डायपर सहज शंभर-दीडशे ग्रॅम भरतो, आणि चार-पाच महिन्यांच्या बाळाची अख्ख्या आठवड्याची वाढ जेमतेम तेवढी असते. काटा कडक, सपाट जागी ठेवा. खाली कापड हवं असेल तर आधी अंथरा, मग शून्य करा. उलट क्रमाने केलं तर कापडाचं वजन बाळाच्या नावावर चढतं. वजन माहीत असलेली एखादी वस्तू रोज सकाळी काट्यावर ठेवून बघायची सवय लावा. मूल काट्यावर थांबतच नसेल तर आईला उभं करून टेअर (काटा शून्य करायचं बटण) दाबा, शून्य दिसलं की बाळ तिच्या हातात द्या. तान्ह्यासाठी मात्र दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा बाळांचाच काटा बरा.

लांबी: दोन वर्षांखाली झोपवून, इन्फँटोमीटरवर (लांबी मोजायच्या आडव्या फळीवर), आणि दोघींनी मिळून. एकटीने घेतलेली लांबी अंदाजपंचेच समजा. एक जण डोक्याशी (आई असली तरी चालेल): दोन्ही तळवे बाळाच्या कानांवर, टाळकं स्थिर फळीला टेकलेलं, नजर सरळ छताकडे. हनुवटी छातीत रुतली किंवा मान मागे कलली की आकडा हलला. दुसरी पायाशी: एका हाताने गुडघे हलकेच पण ठामपणे खाली दाबायचे, दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बोटं वर, टाचा फळीला पूर्ण टेकलेल्या. बाळाने बोटं आवळून धरली असतील तर फळी बोटांनाच अडते आणि लांबी फुगते. अशा वेळी तळव्याला जरा खाजवा, बोटं सरळ झाली की फळी सरकवा आणि लगेच वाचा. ०.१ सेंमीपर्यंत.

दोन वर्षांनंतर उभं करून. टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू फळीला, पोटावर हलका हात म्हणजे मूल ताठ उभं राहतं. अंबाडा, क्लिप, बूट काढून.

डोक्याचा घेर: न ताणणारी टेप, पुढे भुवयांच्या लगेच वर, बाजूला कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावर. तीनदा घ्या, सर्वांत मोठा आकडा लिहा. इथे सरासरी काढायची नसते.

नवीनवी

धागा काढल्याबद्दल आभार. लगेच एक प्रश्न. चार्टवर लांबी मागच्या भेटीपेक्षा ०.८ सेंमीने कमी आली तर काय करायचं? मागची खोडायची का?

मोजपट्टी

खोडायची नाही. बाळ आखडत नाही, म्हणजे दोन्हींपैकी एक मोजमाप चुकलंय, आणि कोणतं ते आत्ता कळत नाही. तिथल्या तिथे पुन्हा मोजा, शक्यतो दुसऱ्या नर्सकडून. तेच आलं तर नवा आकडा लिहून शेजारी ‘फेरमोजणी केली’ अशी नोंद ठेवा.

मूल दोन वर्षांच्या आसपास असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. मागच्या वेळी झोपवून आणि या वेळी उभं करून मोजलंय का? झोपून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरते. दोन वर्षांखालच्या मुलाला नाइलाजाने उभं मोजलं तर ०.७ मिळवा, दोन वर्षांवरच्याला झोपवून मोजलं तर ०.७ वजा करा, आणि मगच प्लॉट करा.

रात्रपाळी

आता वाचायचं कसं त्याबद्दल. पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे चार्ट वापरतात. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, स्तनपानावर असलेल्या, निरोगी वातावरणातल्या मुलांच्या मापांवर ते बेतलेत. म्हणजे ‘मुलं सरासरी कशी वाढतात’ याऐवजी ‘नीट वाढू दिलं तर कशी वाढतात’ हे ते दाखवतात. ‘आमच्याकडची मुलं बारीकच असतात’ ही सबब तिथे चालत नाही.

दोन मुलगे घ्या. दोघेही आज बारा महिन्यांचे, दोघांचंही वजन ८.० किलो. या वयाच्या मुलग्यांचं मध्यक (मधोमधचा आकडा) ९.६ आहे आणि −२ एसडीची (प्रमाण विचलनाची, जिच्याखाली वजन कमी धरतात ती) रेषा ७.७ वर आहे, म्हणजे दोघेही रेषेच्या वरच. आजचाच आकडा बघितला तर दोघे सारखे.

पहिला: सहा महिन्यांना ६.६, नऊला ७.४, बाराला ८.०.
दुसरा: सहा महिन्यांना ७.९, नऊला ८.१, बाराला ८.०.

पहिला लहानखोर आहे पण आपल्या वाटेने सरळ चाललाय. दुसरा सहा महिन्यांना बरोबर मध्यकावर होता, नंतरच्या सहा महिन्यांत त्याला शंभर ग्रॅम मिळाले. तो आजारी आहे, त्याच्या पोटात काही जात नाहीये किंवा गेलेलं लागत नाहीये. ‘नॉर्मल रेंजमध्ये’ असं लिहून दोघांनाही घरी धाडलं तर दुसरा निसटला. रेषेची सपाटी −२ च्या वरही तितकीच वाईट.

किलबिल

सहमत. अजून एक सापळा म्हणजे ‘पाच महिन्यांना दुप्पट, वर्षाला तिप्पट’. साधारण तीन किलोच्या बाळासाठी ठीक आहे. पण दिवस भरून जन्मलेलं दोन किलोचं बाळ वर्षाला सहा किलो झालं तर तिप्पट झालं म्हणून कौतुक करायचं का? सहा किलो हे बारा महिन्यांना मुलगा असो की मुलगी, −३ एसडीच्याही खाली येतं. कमी वजनाच्या बाळांना हा नियम लावूच नये, चार्ट उघडावा.

पहिल्या काही दिवसांत वजन घटतं ते वेगळं. जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट आणि दहा-चौदा दिवसांत भरपाई हे अपेक्षित. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला २५-३० ग्रॅम, पुढचे तीन महिने १५-२० ग्रॅम. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली तर आधी दूध पाजताना प्रत्यक्ष बसून बघा: तोंडात नुसतं स्तनाग्र आहे की काळा भागही, गिळल्याचा आवाज येतो का, लघवी किती वेळा. ‘दूध पितं ना?’ या प्रश्नाला सगळ्याच आया हो म्हणतात.

नवीनवी

टाळूबद्दल कोणी लिहील का? रडताना फुगलेली दिसते.

रात्रपाळी

रडताना ती फुगणारच, म्हणून रडताना तपासायची नाही. बाळ शांत, टेकून बसवलेलं किंवा उभं धरलेलं, आणि बोटाच्या पोटाने हलका स्पर्श. आडवं असताना निरोगी बाळाची टाळूही जरा भरलेली वाटते. मागची टाळू साधारण दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची ९ ते १८ महिन्यांत.

टाळूसोबत घेर बघायचाच. जन्मतः ३४-३५ सेंमी, पहिले तीन महिने महिन्याला २ सेंमी, पुढचे तीन महिने १, मग वर्षापर्यंत अर्धा. घेर रेषा ओलांडत वर चाललाय, शांत बाळाची टाळू ताणलेली आहे, उलट्या होताहेत, डोळ्यांची बुबुळं खाली कललेली: यातलं काही एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, पुढची तारीख द्यायची नाही. डोकं मोठं पण स्वतःच्या रेषेला धरून वाढतंय आणि बाळ चलाख आहे, तर आईबाबांच्या डोक्याचा घेर मोजा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

कुपोषणात आधी वजन मार खातं, मग उंची, डोकं सगळ्यात शेवटी. त्यामुळे वजन-उंची ठीक आणि फक्त घेर मागे पडत असेल तर दोष आहारात शोधत बसू नका.

मोजपट्टी

दंडघेर राहिला. ६ ते ५९ महिने, डावा हात. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य पेनने खूण करायचा, मग हात सैल सोडून टेप लावायची. बहुतेक चुका इथेच: मध्य नजरेने धरणं आणि टेप आवळणं. त्वचेला घडी पडली तर टेप घट्ट आहे, खालून बोट जात असेल तर सैल. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम.

आणि पायांवरची सूज. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाब. दोन्हीकडे खळगा राहिला तर वजन आणि दंडघेर काहीही सांगो, मूल तीव्र कुपोषितांतच धरायचं. सुजेचं पाणी वजन वाढवतं, हे विसरलं की असं मूल चार्टवर छान दिसतं.

शून्य_ते_पाच

मापं झाली, आता टप्प्यांकडे वळू या.

तक्त्यात ‘८ महिने: आधाराशिवाय बसते’ असं लिहिलेलं असतं आणि आपण त्याची तारीख करून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलांसाठी निघालेल्या खिडक्या बघा: आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. चालण्याचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक यांत नऊ महिन्यांचं अंतर. म्हणून दहाव्या महिन्यात न चालणाऱ्या बाळाच्या आईला घाबरवायचं नाही, आणि अठराव्या महिन्यातही न चालणाऱ्याच्या आईला ‘होईल हळूहळू’ म्हणायचं नाही.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आल्या आल्या बाळाला आडवं केलं की ते रडतं, आणि रडणाऱ्या बाळाचे हसू, नजर, हात, आवाज काहीच तपासता येत नाही. म्हणून बाळ आईच्या मांडीवर असतानाच आधी लांबून बघा, मग चेहरा-नजर-आवाज, मग हातात वस्तू, आणि ओढून बसवणं, पालथं घालणं, रिफ्लेक्स हे सगळ्यात शेवटी. वजन-लांबी त्याहीनंतर.

लालठोकळा

हातांबद्दल मी लिहिते, कारण घाईत सगळ्यात आधी हेच गाळलं जातं.

मुठी तीन महिन्यांपर्यंत बहुतांश उघडायला हव्यात. त्यानंतरही मूठ घट्ट आणि अंगठा आत, तर नोंद करा. पाच-सहा महिन्यांत बाळ वस्तूकडे झेपावून पूर्ण तळव्याने पकडतं, सहा-सातला या हातातून त्या हातात घेतं. यासाठी सुमारे अडीच सेंमीचे ठोकळे ठेवा. एक दिला, तो धरलेला असताना दुसरा द्या. पाच महिन्यांचं बाळ बहुधा पहिला टाकून देतं. सात-आठचं दोन्ही धरतं.

नऊ-दहा महिन्यांना मनुक्याएवढी वस्तू टेबलावर ठेवा आणि बोटांकडे बघा. सगळी बोटं पंज्यासारखी ओढून वस्तू गोळा करत असेल तर ती आधीची पायरी. मग अंगठ्याची कड आणि तर्जनीची बाजू. वर्षाच्या आसपास दोन्हींची टोकं नेमकी जुळतात आणि मनगट टेबलावर टेकवावं लागत नाही. वस्तू तोंडाकडे निघायच्या आत परत घ्यायची. तिच्यावरून क्षणभरही नजर हटवू नका, श्वासनलिकेत जायला तेवढंच पुरतं.

दोन्ही हातांना संधी द्या. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर घरचे कौतुकाने ‘डावखुरा आहे’ म्हणतात. इतक्या लवकर हात ठरत नाही. दुसरा हात का वापरत नाही हे बघायचं असतं. वस्तू ‘नावडत्या’ हाताच्या बाजूला ठेवा आणि बाळ अंग वळवून आवडत्याच हाताने घेतंय का बघा.

पुढचे मनोरे: पंधरा महिन्यांना २ ठोकळे, अठराला ३-४, दोन वर्षांना ६, तीन वर्षांना ९. चित्रं: तीन वर्षांना गोल, चारला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या सुमारास चौकोन, पाचला त्रिकोण. काढून दाखवायचं नाही, काढलेलं चित्र दाखवायचं. हातवारे बघून नक्कल करणं सोपं असतं, त्याचं वय आधीचं.

किलबिल

रांगण्याचं काय? काही याद्यांत आहे, काहींत नाही.

शून्य_ते_पाच

अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) २०२२ मध्ये टप्प्यांची यादी बदलली तेव्हा रांगणं काढून टाकलं. त्याच बदलात टप्प्यापुढचं वय असं धरलं की किमान ७५ टक्के मुलं तोवर ते करतात, म्हणजे पालकांच्या हातातली यादी ‘वाट बघा’ऐवजी ‘दाखवा’ सांगेल. वरच्या अभ्यासातही चार टक्क्यांच्या आसपास मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही बुडावर सरकतात आणि ती चालायलाही उशीर लावतात.

रात्रपाळी

इथे थोडी असहमत. यादीतून काढलं म्हणून बघणं सोडू नये. रांगलं की नाही यापेक्षा कसं रांगतं ते सांगून जातं. एक पाय फरपटतो का, एकाच कोपरावर भार आहे का, दोन्ही पाय जुळवून सशासारखं उडी मारत पुढे जातं का. काखेत धरून उभं उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का.

शून्य_ते_पाच

मान्य. ‘कसं’ हा प्रश्न प्रत्येक टप्प्याला लावायचा.

नवीनवी

बोलण्याबद्दल? ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे वाक्य रोज ऐकायला मिळतं.

किलबिल

सरासरीत थोडा फरक असतो, पण त्यावर टाकून वेळ काढायचा नाही. बारा महिन्यांना बडबड नाही किंवा हातवारे नाहीत (बोट दाखवणं, टाटा), सोळाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही, चोवीसला स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत: हे मुलग्यालाही तसंच लागू. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा.

आधी ऐकू येतं का ते बघा. ठार बहिरं बाळही सुरुवातीचे महिने हुंकार देतं, आवाज काढतं. ‘बा-बा-बा’, ‘दा-दा-दा’ अशी साखळी मात्र नीट बनत नाही, आणि असलेली बडबडही मंदावते. त्यामुळे ‘आवाज काढतं की’ यावरून कानाबद्दल काहीच ठरत नाही. दार आपटल्यावर दचकणंही पुरावा नाही, कंपनं जाणवतात. एका महिन्याच्या आत चाचणी, तीनच्या आत निदान, सहाच्या आत उपाय सुरू, हे वेळापत्रक डोक्यात ठेवा. जन्मानंतरच्या चाचणीत पास झालेल्या बाळालाही नंतर दोष येऊ शकतो: मेंदूज्वर, तीव्र कावीळ, सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा संसर्ग, घराण्यात बहिरेपणा.

विचारायचं कसं तेही सांगते. ‘बोलतो का?’ विचारलं की ‘हो, सगळं बोलतो’ येतं. ‘कोणते शब्द? ते कुणाला किंवा कशाला म्हणतो?’ असं विचारा आणि शब्द जसेच्या तसे लिहा. ‘सगळं समजतं’ म्हणाल्या तर बाळाला हाताने किंवा नजरेने खूण न करता सांगून बघा: ‘चेंडू आईला दे.’

लालठोकळा

बोट दाखवण्यात दोन प्रकार असतात, नोंदीत वेगळे लिहा. एक, ‘मला ते हवं’ म्हणून. दुसरं, ‘ते बघ!’ म्हणून: बाळ वस्तूकडे बोट करतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं. दुसरं नसणं आणि नावाने हाक मारल्यावर न वळणं हे एकत्र असेल तर स्वमग्नतेच्या चाचणीची वेळ झाली. १६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची यादी आहे: ० ते २ कमी धोका, ३ ते ७ मध्यम (मग पुढचे प्रश्न विचारायचे), ८ किंवा त्याहून जास्त असेल तर थेट पुढे पाठवायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे पालकांना कागद हातात देण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर ऐकलं जात नाही.

रात्रपाळी

एक गोष्ट ठळक करते: येत असलेलं गेलं, तर वय बघायचं नाही. बसत होतं, आता बसत नाही. दहा शब्द होते, आता दोन. हात वापरायचं, आता नुसते चोळतं. कुठल्याही वयात हे त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत. उशीर आणि परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाकी थोडक्यात, पुढे पाठवायला पुरेसं: तीन महिन्यांना नजर फिरत नाही किंवा ओळखीचं हसू नाही, पाचव्या महिन्यात ओढून बसवताना मान लटकते, दहाव्यात आधाराशिवाय बसत नाही, अठराव्यात चालत नाही. मोरो (दचकल्यावर दोन्ही हात पसरण्याचा रिफ्लेक्स) सहा महिन्यांनंतरही टिकला, किंवा कधीही एकाच बाजूला आला, तरीही. चालायला उशीर झालेला मुलगा मोठा झाल्यावर जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर ठेवत चढत उभा राहतो का ते बघा. स्नायूंच्या आजाराचा विचार तिथे सुरू होतो.

नवीनवी

नोंद कशी लिहावी? आमच्याकडे ‘माइलस्टोन नॉर्मल’ लिहायची पद्धत आहे.

मोजपट्टी

त्या दोन शब्दांतून पुढच्या भेटीला काहीच कळत नाही. बघितलेलं लिहा आणि ऐकलेलं वेगळं लिहा. ‘आधाराशिवाय मिनिटभर बसले, दोन्ही हात मोकळे, खेळणं उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी घेतले. आईच्या सांगण्यानुसार घरी धरून उभे राहते, येथे दिसले नाही.’ तीन ओळी होतात. बाळ झोपाळू, भुकेलेलं किंवा तापाने मलूल होतं तर तेही लिहा आणि पुन्हा बोलवा. तापातल्या बाळाचे टप्पे तपासून काही हाती लागत नाही.

किलबिल

मोठ्या मुलांचं कोणी काढलं नाही, एवढंच टाकते: चार वर्षांपासून वयात येईपर्यंत उंची वर्षाला ५-६ सेंमी वाढते. ही वाढ वर्षाला चार सेंमीच्या खाली गेली तर डॉक्टरांकडे पाठवा. वेग काढायला दोन मापांत किमान सहा महिन्यांचं अंतर हवं, नाहीतर मोजण्यातली चूकच वेग म्हणून वाचली जाते.

नवीनवी

शेवटचा प्रश्न. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय कोणतं धरायचं?

शून्य_ते_पाच

गरोदरपणाच्या ४० आठवड्यांमधून जन्माचा आठवडा वजा करा, आणि येतील तेवढे आठवडे आजच्या वयातून काढा. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलं. आज ते सहा महिन्यांचं, म्हणजे २६ आठवड्यांचं, तर करेक्टेड (दुरुस्त केलेलं) वय १८ आठवडे, साधारण चार महिने. ते बसत नाही म्हणून काळजी नाही, पण मान धरत नसेल तर आहे. दोन वर्षांपर्यंत वजन, लांबी, घेर, टप्पे सगळं याच वयाने बघायचं, आणि चार्टवर कोणतं वय धरलं ते लिहायचं. एका भेटीत हे आणि पुढच्या भेटीत ते वय धरलं गेलं की रेषा उगाच उडी मारते.

नवीनवी

म्हणजे लसीही दोन महिने उशिरा?

शून्य_ते_पाच

नाही नाही! लसी जन्मतारखेच्या वयानेच. वेळेआधी आलेल्या बाळाला संसर्गाचा धोका जास्त, त्याची लस पुढे ढकलायची नाही. जन्मवजन दोन किलोच्या खाली असेल तर हेपटायटिस बी च्या पहिल्या डोसपुरतं डॉक्टरांना विचारा, बाकी वेळापत्रक तेच.